५०० अंशांच्या भट्टीतून वाचलेलं सोनं

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना कवच घालून ते भट्टीच्या तापमानातही कामाचे राहतात का, हे बघायचा आमचा प्रयोग. त्याचा कच्चा माल सराफ बाजारातून आला. क्लोरोऑरिक आम्लाची, म्हणजे सोनं विरघळवून केलेल्या रसायनाची, एक ग्रॅमची बाटली रसायनांच्या पुरवठादाराकडून मागवता येते, पण तिचं कोटेशन बघून आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, "सोन्यासाठी नाशिकच्या माणसानं कुरिअरची वाट कशाला बघायची? चोवीस कॅरेटचं आणा, विरघळवायचं काम आपलं."

दुकानातले शेठ बाली नाही तर नथ ऐकायच्या तयारीत होते. अर्धा ग्रॅम शुद्ध सोन्याची तार हवी आहे आणि ती आम्लराजात विरघळवायची आहे म्हटल्यावर त्यांनी तराजूवरून मान वर केली आणि मग स्वतःच बोलू लागले. सोनं नुसत्या नायट्रिकला दाद देत नाही, चांदी-तांबं मात्र त्यात निघून जातं, यावर तर त्यांच्या गल्लीतलं शुद्धीकरण चालतं. एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक हे प्रमाण मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं. पुडी बांधता बांधता म्हणाले, "ताई, काम झाल्यावर सोनं परत मिळतं ना?" ज्या बाजारात झारेकरी दुकानांपुढची माती झाडून, धुऊन तिच्यातला सोन्याचा कण न् कण वेगळा काढतात, तिथला हा प्रश्न. तो अगदी मुद्द्याचा होता. पुढची माझी सगळी खटपट याच्याच आसपास फिरली: मौल्यवान धातूचा कण कामाला लावला, तर तो कामाच्या लायकीचा किती काळ राहतो?

आम्लराजाचं काम फ्यूम हूडखाली. तांबूस तपकिरी धूर निघतो, तार बारीक होत होत नाहीशी होते आणि खाली नारिंगी-पिवळं द्रावण उरतं. त्यातला नायट्रिकचा अंश घालवायला थोडं थोडं हायड्रोक्लोरिक टाकून ते पुन्हा पुन्हा आटवायचं, पण पार कोरडं होऊ द्यायचं नाही. कोरडं पडून तापलं तर क्लोराइड फुटतं आणि सोनं परत धातू होऊन तळाशी बसतं. या द्रावणाजवळ स्टीलचा चमचाही न्यायचा नाही. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी सोनं चढतं. काचेची कांडी, प्लास्टिकचा चमचा आणि काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली, एवढी शिस्त पाळली की हे द्रावण महिनोन्महिने टिकतं. अर्धा ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण आम्ही वापरतो त्या तीव्रतेला त्यातून साधारण १० लिटर नॅनोकणांचं द्रावण होतं. लिटरभर लालभडक पाण्यात सोनं असतं जेमतेम ५० मिलिग्रॅम.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते.

सोनं रासायनिकदृष्ट्या आळशी धातू समजला जायचा. १९८७ साली जपानमध्ये मासातके हारुता यांच्या गटानं दाखवून दिलं की ऑक्साइडच्या आधारावर बसवलेले सोन्याचे अगदी बारीक कण कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन शून्य अंशाखालीसुद्धा घडवून आणतात. सगळी किमया आकारात होती. कण काही नॅनोमीटरचा (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) असेल तरच तो उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणारा. मोठा झाला की परत दागिन्यातलं सोनं. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचं तसं नाही, ते जाड असले तरी थोडंफार काम करतात. पण रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच्या अणूंवर होते, आतल्या अणूंचे पैसे नुसते भरायचे, त्यामुळे त्यांनाही बारीकच ठेवावं लागतं.

अडचण अशी की बारीक कणांना बारीक राहायचं नसतं. तापमान वाढलं की ते सरकतात, एकमेकांना भिडतात आणि एकजीव होतात. आमटीवरचे तेलाचे थेंब बघा, दोन जवळ आले की एक होतात आणि थोड्या वेळानं सगळा तवंग चार मोठ्या थेंबांचा उरतो. दुसराही एक मार्ग आहे, ज्याला विल्हेल्म ओस्टवाल्डचं नाव आहे: लहान कणांवरून सुटे अणू निघतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. लहान आणखी लहान होतो, मोठा आणखी मोठा. तापलेल्या हवेत प्लॅटिनमचं तर बाष्परूपी ऑक्साइड होऊन ते उडतं आणि दुसरीकडे जाऊन बसतं. या सगळ्याला आम्ही लॅबमध्ये सिंटरिंग म्हणतो. १५ नॅनोमीटरचे कण मिळून १०० नॅनोमीटरचे झाले, तर साधारण ३०० कणांचा एक कण होतो आणि तेवढ्याच वजनाच्या सोन्याचा पृष्ठभाग सातव्या हिश्श्यावर येतो. धातू कुठेही गेलेला नसतो. वजन केलं तर तेवढंच भरेल. शेठना याचं उत्तर द्यायचं तर, "सोनं परत मिळतं, काम परत मिळत नाही."

नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना याचं रोजचं उदाहरण गाडीखालीच दिसेल. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर तर उत्सर्जनाची मर्यादा फारच खाली आली. कन्व्हर्टरच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते, तिच्यावर ॲल्युमिनाचा आणि सिरियम-झिर्कोनियमच्या ऑक्साइडांचा लेप आणि त्यात विखुरलेले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे कण. एवढ्याशा धातूसाठी लोक सायलेन्सर चोरतात, अशा बातम्या आपण वाचतोच. एक्झॉस्टमध्ये तापमान ८०० अंशांच्या पुढेही जातं आणि तिथे वर्षानुवर्षं कण वेगवेगळे राहावेत, अशी अपेक्षा असते. राहत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच गरजेपेक्षा जास्त धातू घालून ठेवावा लागतो. हे मला मनापासून खटकतं. खाणीतून टनावारी दगड फोडून मिळवलेले काही ग्रॅम धातू, आणि त्यातला मोठा वाटा केवळ 'पुढे वाया जाईल' म्हणून आधीच टाकलेला.

यावर एक उपाय बऱ्याच गटांनी करून पाहिला आहे: प्रत्येक कणाभोवती धातूच्या किंवा सिलिकॉनच्या ऑक्साइडचं पातळ कवच घालायचं. कण जागचा हलणार नाही, शेजाऱ्याला भेटणार नाही. २००९ साली अमेरिकेत बर्कलीच्या सोमोर्जाई आणि यांग यांच्या गटांनी प्लॅटिनमच्या कणांवर सच्छिद्र सिलिकाचं, म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडचं, कवच चढवलं आणि हवेत ७५० अंशांपर्यंत ते कण तसेच राहतात हे दाखवलं. मॅडमनी तोच पेपर माझ्यासमोर ठेवला आणि सोन्यापासून सुरुवात करायला सांगितलं. सोनं घेण्याची दोन कारणं होती. एक, त्याचा द्रवणांक १०६४ अंश, म्हणजे प्लॅटिनमच्या १७६८ पेक्षा कितीतरी कमी. केल्विनमध्ये मोजलेल्या द्रवणांकाच्या निम्म्यावर धातूचे अणू चांगलेच फिरू लागतात, असा एक जुना ठोकताळा आहे. सोन्यासाठी तो आकडा येतो साधारण ३९५ अंश. म्हणजे ५०० अंशांना सोन्याची खरी परीक्षा होते आणि तेवढं तापमान आमच्या कॉलेजची मफल फरनेस सहज गाठते. दुसरं कारण मला जास्त आवडतं: सोन्याचे कण आपली हालत रंगातून सांगतात. सुटे असले की माणकासारखे लाल, चिकटले की जांभळे-निळे. महागडं उपकरण हाताशी नसलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धातू नाही.

कण बनवायची पद्धत १९५१ सालची, टर्केविचची. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं, ढवळणं चालू ठेवून सोडियम सायट्रेटचं गरम द्रावण एकदम ओतायचं. पिवळा रंग उडतो, पाण्यासारखं दिसू लागतं, मग शाईचा थेंब पडल्यासारखी करडी-निळी छटा येते, जांभळी होते आणि काही मिनिटांत पूर्ण लाल. यूव्ही स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ५२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर. काचसामान आधी आम्लराजानं धुतलेलं असलं की ही पायरी मुकाट्यानं होते. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

कवचाचं मात्र तसं नाही.

सोन्यावर हवेत ऑक्साइडचा थर बसत नाही, म्हणूनच ते चमकत राहतं, आणि म्हणूनच सिलिकाला त्यावर पाय रोवायला जागा मिळत नाही. मधे कुणीतरी लागतं, ज्याचं एक टोक सोन्याला धरेल आणि दुसरं सिलिकाला. १९९६ साली लिझ-मार्झान, गिर्सिग आणि मल्व्हनी यांनी त्यासाठी अमाइन गटाचा सिलेन वापरला होता. आम्ही सीटॅब घेतलं. हा एक प्रकारचा साबणच, पण धन भाराचा. सोन्याभोवती त्याचा दुहेरी थर बसतो. अल्कली पाण्यात सिलिकेटचे ऋण आयन त्या थराकडे ओढले जातात आणि तिथेच सिलिका जमू लागते. शिवाय सीटॅबच्या रेणूंचे लांबुळके गुच्छ वाढत्या सिलिकात अडकून राहतात. नंतर ते काढून टाकले की त्यांच्या जागी दोन-तीन नॅनोमीटर रुंदीची छिद्रं उरतात. अर्थात, एकाच पदार्थाकडून दोन कामं: चिकटवायचं आणि छिद्रं पाडायचं.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात क्रमाला फार महत्त्व आहे. सायट्रेटवाले सोन्याचे कण ऋण भाराचे असतात. त्यात सीटॅब थेंब थेंब टाकत गेलं, तर मधे एक टप्पा असा येतो की दोन्ही भार एकमेकांना मारतात, कणांना वेगळं ठेवणारं काहीच उरत नाही आणि लाल द्रावण बघता बघता निळं पडतं. म्हणून उलट करायचं: भरपूर सीटॅब बीकरमध्ये आधी घ्यायचं आणि सोनं त्यात ओतायचं, म्हणजे कण तो धोक्याचा टप्पा ओलांडून एकदम धन बाजूला पोचतात.

यानंतर येतं सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून कण तळाशी बसवणारं यंत्र, आणि इथे खरा कस लागतो. सीटॅब जास्त उरलं तर सिलिका सोन्याकडे न येता सीटॅबच्या मोकळ्या गुच्छांभोवतीच जमते आणि आत सोनंच नसलेले नुसत्या सिलिकाचे गोळे ढिगानं तयार होतात. कमी उरलं तर कण ट्यूबच्या तळाशीच चिकटून बसतात, कितीही हलवा, सुटत नाहीत. मिलिमोलरच्या आसपास सीटॅब उरेल इतकंच धुवायचं. एवढे बारीक कण खाली बसवायला मिनिटाला १२ हजारांच्या वर फेरे लागतात आणि आमच्या सेंट्रिफ्यूजमध्ये दोन-दोन मिलिलिटरच्या ट्यूब बसतात. त्यामुळे थोडं थोडं करून गोळा करावं लागतं. ट्यूबच्या तळाशी गडद, जवळजवळ काळपट लाल थेंब जमतो. त्यावर पाणी घालून टिचकी मारल्यावर तो धुरासारखा वर उठून पसरला तर काम जमलं. तळाशी चकचकीत पापुद्रा दिसला तर ती ट्यूब सरळ जमा-बाटलीत. वाया गेलेलं सगळं सोनं आम्ही एका बाटलीत साठवतो. पुन्हा आम्लराज, पुन्हा नवी सुरुवात.

त्यात डिसेंबर आला. नाशिकची थंडी सगळ्यांना माहीत आहे, निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो. सकाळी लॅब उघडल्यावर बीकरमध्ये पांढऱ्या सुया चमकताना दिसायला लागल्या, जणू कुणी काचेचा चुरा टाकलाय. सीटॅब साधारण २५ अंशांच्या खाली पाण्यातून स्फटिक होऊन बाहेर पडतं. ज्या पेपरांमधून आम्ही कृती घेतली, त्यांत 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं होतं. तिथल्या खोल्या हीटरवर गरम ठेवलेल्या. आमच्या पत्र्याच्या छताच्या लॅबला डिसेंबरात पहाटे पंधराही अंश नसतात. लॅबमधल्या काकांनी जुन्या वॉटर बाथचा थर्मोस्टॅट उघडून नीट केला आणि आम्ही सगळं ३० अंशांवर हलवलं. तेव्हापासून आमच्या वहीत 'खोलीचं तापमान' हा शब्दप्रयोग बंद आहे, आकडाच लिहायचा.

पुढे सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच साडेदहाच्या आसपास आणायचा आणि मिथेनॉलमध्ये पातळ केलेलं टीईओएस, म्हणजे ज्यातून सिलिका तयार होते तो द्रव, अर्ध्या अर्ध्या तासानं तीन हप्त्यांत सोडायचा. एकदम ओतलं की सिलिका आपली आपली वेगळी गोळे करते. हळू ढवळत रात्रभर ठेवायचं. कवच बसलं की नाही ते सकाळी यूव्हीवर कळतं: ५२० चं शिखर पाच-सहा नॅनोमीटर लाल बाजूला सरकलेलं असतं, कारण कणाभोवती आता पाण्याऐवजी सिलिका आहे आणि तिचा अपवर्तनांक जास्त आहे. शिखर सरकलं पण रुंद झालं नाही, हे बघितलं की जीव भांड्यात पडतो. रुंद होणं म्हणजे कण चिकटणं.

मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही तीन नमुने सोबत चालवले. पहिला उघडा: साध्या सिलिका पावडरवर बसवलेले, कवच नसलेले सोन्याचे कण. दुसरा सीटॅबच्या छिद्रांचं कवच असलेला. तिसऱ्यात जाड, घट्ट कवच, सीटॅबशिवाय, १९६८ सालच्या स्टोबर पद्धतीनं अमोनिया आणि अल्कोहोलमध्ये वाढवलेलं. तिन्हींत सोन्याचं वजन सारखं.

भट्टीचा दिवस मला स्पष्ट आठवतो. तिन्ही पावडरी फिकट गुलाबी, बिटाच्या कोशिंबिरीतल्या दह्याच्या रंगाच्या. काका क्रुसिबलला मूसच म्हणतात. तीन मुशी त्यांनी चिमट्यानं एका ओळीत आत ठेवल्या, तापमान हळूहळू चढवलं, ५०० अंशांवर चार तास ठेवलं आणि भट्टी आपोआप निवू दिली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं. उघड्या नमुन्याची पावडर मळकट जांभळी-तपकिरी झाली होती. छिद्रांच्या कवचाची गुलाबीच, उलट सीटॅब जळून गेल्यानं जास्त स्वच्छ. आणि घट्ट कवचाची तर डाळिंबी, तिघांत सगळ्यात देखणी. कुठलंही यंत्र न लावता, खिडकीच्या उजेडात, कोण वाचलं आणि कोण नाही ते समोर दिसत होतं. काकांनी मूस हातात फिरवून विचारलं, "मॅडम, मग हे तिसरंच घ्यायचं ना आपण?"

तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

एक्स-रेच्या आलेखात तेच दिसलं: उघड्या नमुन्यात ३८ अंशांच्या कोनावरचं सोन्याचं शिखर टोकदार झालेलं, कवचवाल्यांत रुंदच राहिलेलं. कण जितका मोठा तितकं शिखर अणकुचीदार, हे शेररचं १९१८ पासूनचं सूत्र. पण प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्यासाठी मुंबईला, पवईच्या आयआयटीत. तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर अल्कोहोलमधला एक थेंब सुकवायचा, जाळ्या डबीत घालायच्या आणि पंचवटी एक्सप्रेस पकडायची. कल्याणला उतरून लोकल. डबी पर्समध्ये नाही, हातात.

पडद्यावर पहिला आला छिद्रांच्या कवचाचा नमुना. करड्या, गोल, जवळजवळ एका मापाच्या गोळ्यांत मधोमध एकेक काळा ठिपका. काही गोळे रिकामे होतेच, सीटॅबची कृपा. मोठं करून बघितलं तर करड्या भागात किड्यांनी पोखरल्यासारख्या फिकट वाटा, ठिपक्यापर्यंत जाणाऱ्या. ५०० अंशांतून जाऊन आलेले हे कण पंधरा नॅनोमीटरचे होते, जसे टर्केविचच्या भांड्यातून निघाले तसे. मग उघडा नमुना. मोठाले काळे ढेकूळ, काही ठिकाणी दोन ढेकळांमधे अजून मान शिल्लक, एकजीव होण्याच्या वाटेवर थांबलेले. ऑपरेटर सर रोज अशी शेकडो चित्रं बघत असतील, तरी त्यांनी आपणहून दोन्ही शेजारी लावून दिली. मला त्या क्षणी फार आनंद झाला आणि तो लपवायची गरज वाटली नाही.

आता प्रश्न कामाचा. त्यासाठी आम्ही ४-नायट्रोफिनॉलची क्रिया घेतली. सोडियम बोरोहायड्राइड घातलं की द्रावण गडद पिवळं होतं, ४०० नॅनोमीटरवर शिखर येतं, आणि उत्प्रेरक नसेल तर ते तसंच राहतं. सोनं घातलं की ४०० चं शिखर उतरत जातं, ३०० वर ४-अमिनोफिनॉलचं चढतं आणि पिवळा रंग जातो. पॅरासिटामॉल याच अमिनोफिनॉलपासून बनतं, त्यामुळे ही क्रिया नुसती प्रयोगशाळेतली शोभा नाही. सोय अशी की खोलीतच होते, घड्याळ आणि यूव्ही एवढंच लागतं. बोरोहायड्राइड मात्र दर वेळी ताजं, बर्फाच्या पाण्यात. तासाभरात त्यातून हायड्रोजन निघून त्याची धार जाते.

भट्टीत जायच्या आधी उघडं सोनं पहिलं आलं. पाचेक मिनिटांत क्युवेट, म्हणजे यूव्हीत ठेवायची छोटी पारदर्शक नळी, स्वच्छ. छिद्रांचं कवच असलेल्याला, त्यातलं सीटॅब अल्कोहोल आणि अमोनियम नायट्रेटनं धुऊन काढलेलं असूनही, दुप्पट-अडीचपट वेळ लागला, कारण रेणूला वाट काढत आत जायचं आणि तयार होऊन बाहेर यायचं. फक्त एवढाच आकडा पाहिला असता तर कवच हा तोट्याचा सौदा ठरला असता. भट्टीनंतर चित्र फिरलं. उघड्या सोन्याचा पिवळा रंग पाऊण तास झाला तरी हटेना. छिद्रांचं कवच असलेल्यानं जवळपास आधीचाच वेळ घेतला, किंबहुना थोडा कमी, कारण आत अडकलेलं उरलंसुरलं सीटॅबही भट्टीत जळून सोन्याचा पृष्ठभाग मोकळा झाला होता.

आणि तिसरा, डाळिंबी रंगाचा, काकांचा आवडता? त्याच्या क्युवेटमध्ये काही म्हणता काही घडलं नाही. रंग पिवळा, शिखर जागच्या जागी. सोन्याचा कण आत अगदी सुरक्षित होता आणि कुणाच्या उपयोगाचा नव्हता. घट्ट सिलिका तापून आणखी आवळली गेली होती, नायट्रोफिनॉलला आत जायला वाटच नव्हती.

ऑक्साइडनं धातूला झाकून टाकणं हा खरं तर उत्प्रेरकाचा जुना आजार आहे. १९७८ साली टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम ऑक्साइडवर बसवलेले धातू हायड्रोजनमध्ये ५०० अंशांना तापवले, तेव्हा त्यांची हायड्रोजन धरण्याची ताकद जवळपास संपली. पुढे उलगडलं की आधाराचाच ऑक्साइड सरकत धातूवर चढत होता. म्हणजे ज्या गोष्टीनं उत्प्रेरक मरतो, तीच मोजून वापरली तर तो जगतो. म्हणून कवच किती जाड, यापेक्षा त्यातून काय जाऊ शकतं हे आधी बघावं, असं माझं आता ठाम मत आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या आणि अरगॉन प्रयोगशाळेच्या गटानं पॅलेडियमवर ॲल्युमिनाचे अणुथराएवढे पातळ ४५ थर एकावर एक चढवले होते. तो लेपही आधी घट्टच होता. ७०० अंशांना तापवल्यावर त्यात बारीक छिद्रं उघडली आणि मग तो कार्बनची काजळी आणि सिंटरिंग दोन्ही रोखत कामाला लागला. तापवल्यावर आमची घट्ट सिलिका मिटली आणि त्यांचा ॲल्युमिना उघडला. पदार्थ बदलला की वागणं किती बदलतं, हे मला या दोन उदाहरणांतून जितकं पटलं तितकं पुस्तकातून पटलं नव्हतं.

सिलिकाच्याही मर्यादा आहेत. आमचा छिद्रांचा नमुना ८५० अंशांना नेला तर सोनं वाचलं, पण कवचाची छिद्रं बुजायला लागली आणि वेग घसरला. सोडियमचा अंश राहिला असेल तर हे आणखी लवकर होतं, म्हणून आता धुणं वाढवलं आहे. गरम वाफेतही सिलिका टिकत नाही आणि गाडीच्या धुरात वाफ भरपूर असते. शिवाय सिलिका नुसती आडोसा देते, क्रियेत स्वतः भाग घेत नाही. सिरियम ऑक्साइडचं तसं नाही. ते आपला ऑक्सिजन देतं आणि हवेतून परत घेतं. सोनं आणि ते जिथे टेकतात, त्या कडेवर कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन सगळ्यात जोमात होतं. २०१२ मध्येच कारनेलो आणि सहकाऱ्यांनी पॅलेडियमभोवती सिरियम ऑक्साइडचं कवच घालून मिथेन ४०० अंशांच्या खाली पूर्ण जाळून दाखवला. तिथे कवच राखणदारही आहे आणि कामगारही.

सध्या आम्ही तेच करतो आहोत. सोन्यावर सिरियम ऑक्साइड एकसंध बसत नाही, छोटे छोटे दाणे होऊन चिकटतं. एका अर्थी ते बरंच, दाण्यांमधल्या फटी म्हणजे आयत्या वाटा. पण सुकताना हे दाणे गळतात आणि धुताना पाणी पिवळसर येतं. त्यामुळे आधी पातळ छिद्रांची सिलिका आणि तिच्या छिद्रांत सिरियमचं क्षारद्रावण शोषवून मग तापवणं, अशी जोडी करून बघतो आहोत. कार्बन मोनॉक्साइडची चाचणी नाशिकला होत नाही, तिच्यासाठी पुण्याच्या एका संस्थेत वेळ मागितली आहे. तोवर नमुने ५००, ६५० आणि ८०० अंशांतून काढून ठेवायचे आहेत. भट्टीनंतरचा नमुना आधी आणि आधीचा नंतर तपासायचा, असा क्रम मॅडमनी वहीत लाल पेनानं लिहून दिला आहे.